कुंकवाचं बोट

फ्लॉपीची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. कर्जतपासून खालापूरपर्यंत ज्या ज्या लग्नाच्या मांडवात मी पान वाढून घेतलं, तिथं तिथं ती सांगून आलोय. एका व्याह्याच्या नाकातून मठ्ठा बाहेर आला होता, इतका तो हसला. एक म्हातारी मेल्यागत आडवी झाली, तिला पंख्याखाली नेऊन उठवली — बरं, आडवी नाही झाली, ठसका लागला तिला. पण ती गोष्ट वेगळी. त्या गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, देवालाही नाही. देवाला ठाऊक असेल तर त्यानं ती आपली आपण शोधली असेल. माझ्या तोंडून नाही.

आज तुम्हाला सांगतो. का तुम्हाला? तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून. तुमचा चेहरा दिसत नाही. चेहरा दिसला की मला गोष्ट फुलवायची सवय आहे — समोरचा हसला की मी एक वीट आणखी चढवतो, आणि बघता बघता खोट्याची माडी उभी राहते.

मी दहिवलीचा बबन. साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. पाणी ओढायचे पंप बनायचे तिथं. त्या पंपाला लागणारं बारीकसारीक — बेअरिंग, पट्टे, बोल्ट, वायसर, रबराच्या चकत्या — सगळं माझ्या ताब्यात. आणि ते सगळं माझ्या डोक्यात! कुणीही यावं, काहीही मागावं, मी डोळे मिटायचे, कपाळावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "तिसरी मांडणी, वरचा खण, डावीकडं. बाजूला पाल असेल, तिला दुखवू नका." आणि माल तिथं निघायचा. साहेब पाहुण्यांना माझ्यापुढं आणून उभे करायचे. लोक म्हणायचे, बबनभाऊंचं डोकं म्हणजे कपाट. मी म्हणायचो, कपाट काय म्हणता, गोदाम म्हणा!

आता खरं सांगायचं ठरलंय, तर हेही सांगतो — निम्मं माहीत असायचं. निम्मं मी रेटून न्यायचो. नाही सापडलं, तर ते कसं संपलं याची गोष्ट तयार असायची. बेअरिंगच्या पेटीत मुंगसानं पिल्लं घातली होती, ही माझीच गोष्ट. माल शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत जायचा, पण हसत जायचा. रिकामे हात कुणी मोजले?

मग कॉम्प्युटर आला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुंबईहून टेंपोतून आला तो, खाली गादी, वर गादी, मध्ये हा — नवरदेव सुद्धा इतका जपून आणत नाहीत. त्याच्यासाठी वेगळी खोली, दाराला काच, आणि आत थंड हवेचं मशीन. अख्ख्या कारखान्यात साहेबांनाही पंखाच होता, आणि या पेटीला थंड हवा! आत जाताना चपला बाहेर. इतका गारठा की माशी आत शिरली तर शिंकून बाहेर यायची. आणि ते मशीन चालवायला कोण? दत्ता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खालापूरच्या अलीकडच्या गावचा, भात लावणाऱ्या घरातला पोरगा. पनवेलला जाऊन कसलासा कोर्स करून आला होता. त्याला साहेबांपुढं मीच उभा केला. "घरचा पोरगा आहे," म्हणालो, "जरा हाताखाली घ्या." मला वाटलं, माझ्या हाताखाली येईल. हे लक्षात ठेवा. मी त्याला आणला तो खाली बसवायला.

पावसाळाभर तो माझ्याजवळ बसला. माझी जुनी कार्डं घ्यायची, माझ्यासोबत मांडणीपुढं उभं राहायचं, एकेक वस्तू मोजायची, मशीनमध्ये घालायची. "दाजी, ह्याचं नाव काय?" "दाजी, ह्ये कुठं ठेवता?" मी सांगत होतो. मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. माझंच डोकं चमच्याचमच्यानं उकरून मी त्याच्या पेटीत भरत होतो, आणि वर त्याला चहा पाजत होतो. सगळं भरून झालं तेव्हा साहेब म्हणाले, आता कार्डं बंद. पोती भरून ती गळक्या पत्र्याखाली टाकली. चार सरींत लगदा.

त्यानंतरचा एक दिवस. साहेब लेथसाठी पट्टा मागायला आले. मी डोळे मिटले, कपाळावर बोट ठेवलं. "संपला साहेब. मागच्या पावसात घूस आली होती. घूस कसली, वासरूच! पट्टा गळ्यात घालून गेली." माणसं हसायला लागली. मला चढलं. घूस गेटवर वॉचमनला सलाम करून गेली, इथवर मी आलो होतो. आणि काचेच्या दारातून दत्ताचं डोकं बाहेर आलं.

"दाजी, हायेत की पट्टे. खालच्या फळीवर, रंगाच्या डब्यामागं."

निघाले. रंगाच्या डब्यामागंच निघाले.

माणसं तेव्हाही हसली. पण तुम्ही मांडवात माणसं हसवली असतील तर तुम्हाला कळेल — एक हसणं आपल्याबरोबर असतं, एक आपल्यावर असतं. कानाला सारखंच लागतं. पोटात वेगळं लागतं. लेथवरचा एक फिटर म्हणाला, "बबनभाऊ, घुशीनं परत आणून ठेवला वाटतं!" आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी माझ्याकडं येईनाच. मी मांडणीपुढं उभा, आणि माणसं माझ्या अंगावरून काचेच्या दाराकडं. चपला काढायची, आत डोकवायचं. "दत्ता, बग रं जरा." देवळात जावं तशी माणसं जायची. आणि मी बाहेर चपला सांभाळणारा.

घरी तरी सुटका? रविवारी दत्ता बहिणीला भेटायला दहिवलीला यायचा. जिताडा मासा आणलेला असला तर मधली तुकडी माझी — लग्न झाल्यापासून माझी. ती आता त्याच्या ताटात पडायला लागली. "त्याला डोक्याचं काम हाय वो," बायको म्हणायची. मग मला काय गुडघ्याचं होतं? तिच्या चेहऱ्यावर भावाचं जे कौतुक सांडायचं ना, ते मी ताटातल्या तुकडीपेक्षा जास्त मोजायचो. हसू नका. किंवा हसा. माणूस तुकडीवरून जळतो. राज्यावरून जळणं सोपं असतं, निदान सांगता तरी येतं.

आणखी एक होतं. दिवाळीनंतर दत्ताला कायम करणार असं साहेब बोलले होते. खालापूरची एक मुलगी त्याला सांगून आली होती. तिचे वडील कचेरीत शिपाई. ते एवढंच म्हणाले होते — पोरगा कायम झाला की दुसऱ्या दिवशी साखरपुडा. मुलगीही त्याला आवडली होती. एसटी स्टँडवर तो तिला लांबून बघून यायचा आणि आपल्या ताईला सांगायचा, आणि दोघं बहीणभाऊ चुलीपाशी खिदळायचे. मी आत गेलो की गप्प. म्हणजे या सगळ्याचा भार एका पेटीवर होता. पेटी चालली, तर पोरगा चालला.

आणि भाद्रपद सरता सरता ती पेटी कण्हायला लागली.

मांडवात सांगताना मी म्हणतो की आत बेडूक बसल्यासारखा आवाज यायचा, गेटपर्यंत ऐकू जायचा. खोटं. अगदी बारीक आवाज होता. टक्… थांबायचा… टक्. माठात पाणी किती उरलं हे बघायला कुणी नखानं वाजवावं तसा. दत्ता पेटीला कान लावून बसला होता. मी काचेतून बघत होतो. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दाजी, आतली डिस्क जाणार. ती म्हंजे हिची आठवण. ती गेली की मशीन चालंल, पण तिला काय बी आठवणार नाय."

मी काय म्हणालो? "अरेरे." आणि आत काय झालं? आत लेझीम सुरू झालं हो. ढोल, ताशे, सगळं. तिला काय बी आठवणार नाय! मग लोक कुणाकडं येणार?

पण दत्ता घाबरणारा असला तरी आळशी नव्हता. त्यानं मुंबईच्या मेकॅनिकला निरोप धाडला. तो नवी डिस्क घेऊन दसऱ्यानंतर येणार होता. मधे दसऱ्याची सुट्टी होती, आणि सुट्टीत कारखान्याचा मेन स्विच बंद व्हायचा. "एकदा बंद केली तर परत उठंल का नाय, काय सांगावं," दत्ता म्हणाला. म्हणून त्यानं डिस्कवरचं सगळं फ्लॉपींवर उतरवून घ्यायचं ठरवलं. फ्लॉपी आता कुणी बघितलेली नसेल — काळी, पातळ, चौकोनी. हातात धरली की पापडासारखी लवायची. प्रत्येकीला कागदाचं पाकीट. त्याच्याकडं होत्या त्या थोड्याच. साहेब कुलपात ठेवायचे, मोजून द्यायचे. दत्तानं आणखी मागितल्या, साहेब म्हणाले दिवाळीनंतर बघू. मग पावसाळ्यात त्याच फ्लॉपींवर एक प्रत घेतलेली होती, तिच्यावरच त्यानं नवी चढवली. म्हणजे जी होती ती तेवढीच. एक डिस्क कण्हणारी, आणि एक प्रत.

दिवसभर बसला होता तो. एक फ्लॉपी घालायची, मशीन गुरगुरायचं, काढायची, दुसरी घालायची. सगळं मावलं तेव्हा बाहेर येऊन त्यानं मला बोलावलं. मला! आनंद कुणाला तरी दाखवायचा असतो ना माणसाला. चपला काढून मी आत गेलो. त्यानं एक फ्लॉपी पाकिटातून काढली. तिच्या खालच्या अंगाला एक लांबट फट होती, आणि फटीत कॅसेटच्या फितीसारखं तपकिरी काहीतरी चकाकत होतं.

"ही खिडकी बगा. सगळं हितनं वाचतं ते. हितं घामाचं बोट लागलं तरी खलास. उद्या पूजेला तुमीच असणार म्हणून सांगतो — कुंकू पाकिटावर लावा. खिडकीला नको, दाजी."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्यानं. मराठीत. माझ्या नाकासमोर फ्लॉपी धरून.

आता खंडेनवमी. तुमच्याकडं हत्यारं पुजत असतील. आमच्या कारखान्यात लेथ, ड्रिल, हातोडे, पाने, सगळ्यांना कुंकू लागायचं. झेंडूच्या माळेत नव्या भाताच्या लोंब्या गुंफून मशीनला बांधायच्या. आणि पूजा कुणी करायची? मी! मी भटजी नव्हे, पण आवाज खणखणीत, आणि मंत्र माझे मी रचायचो. "ॐ शाफ्टाय नमः! ॐ बेअरिंगाय नमः! ॐ ओव्हरटाइमाय नमः!" माणसं वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची. आणि शेवटी नारळ. नारळ माझ्या हातचा. एका घावात दोन शकलं, पाणी साहेबांच्या बुटावर — तेही मी नेम धरून उडवायचो आणि साहेब कधी रागवायचे नाहीत.

त्या वर्षी सगळी मशीनं पुजून आम्ही काचेच्या दाराशी आलो. गर्दी आत नको, धूळ होते, म्हणून आत मी आणि दत्ता एवढेच. कॉम्प्युटरच्या डोक्यावर लोंब्यांची माळ होती. खाली पाट, पाटावर त्या फ्लॉपी, पाकिटांत. दत्ता आधी नको म्हणत होता; साहेबच म्हणाले, "अरे, ती तुझी हत्यारं. ठेव पाटावर." मी "ॐ कॉम्प्युटराय नमः" म्हटलं. बाहेर हशा. मी आणखी एक मंत्र जुळवत होतो तेवढ्यात साहेबांनी दार ढकलून आत डोकं घातलं.

"दत्ता, बाहेर ये. यंदा नारळ तू फोड."

बबनभाऊ काय करतील, असं कुणी विचारलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याच्या हातचा नारळ इतकी वर्षं फुटला तो आत थाळी घेऊन उभा, आणि माणसं त्याच्याकडं पाठ करून त्या पोराभोवती गोळा झाली. दत्तानं एकदा मागं वळून बघितलं. "दाजी, फोडू ना?" असं विचारलं त्यानं. मी मान हलवली. हसून हलवली.

मी आत एकटा. पाठ काचेकडं. मी एक पाकीट उचललं. फ्लॉपी अर्धी बाहेर ओढली. ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि — खिडकीवर ठेवलं. दाबलं. थोडं फिरवलं. तपकिरी चकाकीवर लाल. परत पाकिटात. बाहेर नारळ फुटला, एका घावात, टाळ्या वाजल्या. मी दुसरी उचलली. मग तिसरी. पाटावर होत्या तेवढ्या सगळ्या. एकही सोडली नाही. पाकिटांवर वरून पुन्हा एकेक शहाणं टिकलीएवढं बोट लावलं, अक्षता टाकल्या, आणि मोठ्यानं ओरडलो, "ॐ फ्लॉपिकायै नमः!"

राग आला आणि हात गेला — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. नारळ दुसऱ्याला दिला, डोक्यात सणक गेली, हात आपसूक गेला. पण थांबा. इथंही मी तुम्हाला फसवतोय. बघा, सवय जात नाही. त्या दिवशी कुंकू मी घरूनच कालवून नेलं होतं. दर वर्षी पाण्यात कालवायचो. त्या वर्षी खोबरेल तेलात कालवलं. पाणी वाळतं. तेल वाळत नाही. नारळाचं तर सकाळी मला ठाऊकही नव्हतं. बायको म्हणाली, "तेल कशाला वो?" मी म्हणालो, यंदा मशीन नवीन आहे, कुंकू ठसठशीत उठायला हवं.

आलं ना लक्षात? राग नव्हता तो. रागाला इतकं सुचत नाही.

दसरा झाला. सोनं वाटलं, दत्तानं माझ्या पाया पडून आपट्याचं पान दिलं. सुट्टी संपली, मेन स्विच चालू झाला. दत्तानं मशीनचं बटण दाबलं. आतून टक् आलं, मग आणखी एक टक्, आणि मग नुसती घरघर. डिस्क गेली होती. दत्ता घाबरला नाही. मेकॅनिक नवी डिस्क घेऊन आलाच होता, त्यानं ती बसवली. "कॉपी आहे ना?" त्यानं विचारलं. दत्तानं पाकिटांचा गठ्ठा असा पुढं केला — लहान पोरानं पहिला नंबर आलेली पाटी दाखवावी तसा.

पहिली फ्लॉपी आत गेली. मशीन कर्र कर्र करून थांबलं. पुन्हा घातली. पुन्हा थांबलं. मेकॅनिकनं ती बाहेर काढून उजेडात धरली.

त्या खिडकीत माझं बोट उमटलेलं होतं. लाल, गोल, देवाला लावावं तसं. घाई नव्हती त्यात.

दत्तानं एकेक पाकीट उघडून बघितलं. सगळी बघितली. मी दारात उभा होतो, साहेब होते, फिटर होते. साहेब म्हणाले, "हे काय?" आणि दत्ता म्हणाला — हळूच म्हणाला — "दाजींना म्या सांगितलं होतं."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पावसाळ्यापासून इतकी तोंडं माझ्याकडं वळली नव्हती, बरं का. आणि मला काय सुचलं असेल? मी कानाला हात लावला, डोळे मोठे केले आणि म्हणालो, "मला? कधी सांगितलंस रे? अरे, देवाला कुंकू लावायचं तर कपाळाला लावू की त्याच्या सदऱ्याला? मी पाकीट काढून नीट कपाळाला लावलं!"

फुटले की हो सगळे. साहेबांनाही हसू आवरेना. रागावलेले असूनही आवरेना. मेकॅनिक तर खुर्ची धरून बसला. "कपाळाला!" म्हणत फिटर एकमेकांच्या पाठीवर मारायला लागले. एवढ्या नुकसानीपुढं उभं राहून माणसं हसली, आणि ते हसणं माझ्याबरोबर होतं. माझं राज्य मला परत मिळालं, त्या एका वाक्यात.

एक माणूस हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मांडणीतली वस्तू ठेवल्या जागी नसली की तो जसा बघायचा, तसा. मी नजर हलवली नाही, भोळ्या माणसाची नजर किती वेळ धरता येते ते मला ठाऊक आहे. मग त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "सांगायचं ऱ्हायलं आसंल माझ्याकडनं."

का म्हणाला तसं? मी बहिणीचा नवरा. चारचौघांत दाजीला खोटं पाडायचं, तर संध्याकाळी ताईच्या घरात चूल कशी पेटेल, हा हिशोब त्यानं तिथल्या तिथं केला असेल. मी त्या हिशोबावरच तर उभा होतो.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. दिवाळीपर्यंत सगळं स्टोअर हातानं पुन्हा मोजलं. माणसं मला विचारायला लागली, "बबनभाऊ, ह्ये कुठं?" मी डोळे मिटायचो, आणि आत काही नसायचं. खरंच नसायचं. तरी मी सांगायचो. साहेबांनी दत्ताला कायम केलं नाही. ज्याला चार काळ्या चकत्या सांभाळता येत नाहीत, म्हणाले, त्याच्या हाती मशीन कसं द्यायचं. खालापूरच्या शिपायानं मुलगी नेरळला दिली. दत्तानं पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. मुंबईहून आलेला तो मेकॅनिक त्याला म्हणाला होता, माझ्याबरोबर चल, तुझा हात चांगला आहे. तो गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, मला न्हाय जमत त्यातलं.

भाऊबीजेला तो आला. बायकोनं ओवाळलं. ओवाळता ओवाळता रडली, आणि रडत रडत त्यालाच बोलली — "तुझंच चुकलं रं दत्ता. ह्यांना देवभोळ्या माणसाला काय कळतं त्यातलं? नीट सांगायचंस की." आणि तिनं कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं. तो म्हणाला, "व्हय ताई." मी ताटाजवळ बसलो होतो. तिचं रडणं थांबावं म्हणून मी काय केलं माहीत आहे? ती कपाळाची गोष्ट सांगितली. त्याच्या तोंडावर. अभिनय करून. बायको पदरात तोंड लपवून हसली. आणि दत्ता — तोही हसला. बरोबर जिथं हसायचं तिथं हसला. जिताड्याची मधली तुकडी माझ्या ताटात होती त्या दिवशी. मी ती खाल्ली.

तिथून ती गोष्ट गावोगाव गेली. तुमच्यापर्यंतही आली असेल.

दत्तानं पुढं टेंपो घेतला. खोपोली, साजगाव, खालापूर, कर्जत — भाजी, विटा, लग्नाची भांडी, काय मिळेल ते भरतो. उशिरा लग्न केलं. दर खंडेनवमीला सकाळी टेंपो धुऊन, पुढं लोंब्यांची माळ बांधून, तो दहिवलीला माझ्या दारात आणून उभा करतो. पूजा दाजींच्या हातची, असा त्याचा नेम आहे. बायकोला त्याचं केवढं कौतुक. मी थाळी घेऊन बाहेर येतो. कुंकू पाण्यात कालवलेलं असतं. मी अनामिका बुडवतो, पुढं होतो, आणि माझं बोट वर उचललं गेलं की तो म्हणतो — दर वर्षी म्हणतो, हळूच, बायकोला ऐकू न जाईल असं — "काचेला नको, दाजी."

त्याच आवाजात म्हणतो. त्या दिवशी माझ्या नाकासमोर फ्लॉपी धरून म्हणाला होता, त्याच.

मी बोनेटवर लावतो. मंत्र म्हणत नाही आता. मग तो सीटखालून नारळ काढतो, शेंडी माझ्याकडं करून माझ्या हातात देतो आणि दोन पावलं मागं सरून उभा राहतो.

"तुमीच फोडा."

मी फोडतो. एका घावात कधी फुटत नाही.